डेअरी प्लांटमध्ये पाणी, वाफ आणि वीज वाचवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसाला १० हजार ते १ लाख लिटर दूध हाताळणाऱ्या सहकारी आणि खासगी प्लांटमधून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांतली गणितं नमुन्यादाखल आहेत. आपल्या प्लांटचे आकडे घालून ती पुन्हा करा. एकाच गोष्टीवर दोन प्रश्न असतील तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्या प्लांटला पाणी जास्त लागतं की बरोबर लागतं, हे ओळखायचं कसं?

दिवसभरात वापरलेलं एकूण पाणी भागिले त्या दिवशी घेतलेलं दूध. फक्त पिशवीचं दूध करणाऱ्या, नीट चालणाऱ्या प्लांटमध्ये हा आकडा लिटरमागे १ ते १.५ लिटरच्या आसपास असतो. पनीर, दही, तूप आलं की वाढतो. सरकारी मर्यादा सांडपाण्यावर आहे : पर्यावरण संरक्षण नियमांत दुग्धप्रक्रियेसाठी १,००० लिटर दुधामागे ३ घनमीटर. तिच्या आत आहोत म्हणून समाधान मानू नका, ती फार सैल आहे.

बोअरवर एक मीटर पुरत नाही. बॉयलर फीड (बॉयलरला जाणारं पाणी), सीआयपी (पाइप आणि यंत्रं न उघडता आतून पाणी आणि रसायन फिरवून धुणं), क्रेट वॉशर आणि कूलिंग टॉवर किंवा कंडेन्सरचं मेकअप (उडून गेलेल्या पाण्याची भर), एवढ्या चार जागी स्वतंत्र मीटर हवेत. मग एक रात्र निवडा. शेवटची धुलाई संपल्यावर आणि पहाटे दूध यायच्या आधी रीडिंग घ्या. त्या वेळात पाणी लागणारं यंत्र चालू नसतानाही मीटर फिरला असेल, तर ती गळती आहे. बहुतेक वेळा टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह अडकलेला असतो आणि पाणी ओव्हरफ्लोने थेट गटारात जात असतं.

२. पैसे न घालता पहिल्या महिन्यात काय करता येईल?

वरची रात्रीची तपासणी, होज (प्रश्न ३), सीआयपीच्या वेळा (प्रश्न ४), हवेची गळती (प्रश्न १३) आणि वाफेच्या लाइनीवरून एक फेरी. फेरी मारताना गळती डोळ्यांनी मोजा. ७ किलो दाबाच्या (चौरस सेंटिमीटरला) लाइनीला ३ मिलिमीटरचं भोक असेल तर तासाला २५ ते ३० किलो वाफ जाते. बॉयलर १० तास चालत असेल तर एवढ्या एका भोकापायी दिवसाला साधारण ६० किलो ब्रिकेट (शेतकचऱ्याच्या इंधनकांड्या) जळतात. व्हॉल्व्हचं ग्लँड पॅकिंग बदलायला अर्धा तास लागतो.

३. होजला ट्रिगर नोझल लावले, पण पोरं काढून फेकतात. काय करावं?

पोरांचा दोष क्वचितच असतो. लाइनीला दाब १ किलो आणि नोझल ३ किलोचं, अशी गत असली की धार पडत नाही आणि काम दुप्पट वेळ खातं. आधी होजच्या टोकाशी दाब मोजा. २.५ ते ३ किलो मिळत नसेल तर धुलाईसाठी वेगळा छोटा बूस्टर पंप लावा, नोझल त्यानंतर घ्या. गरम पाण्याच्या होजला रबरी मुठीचंच नोझल हवं, नाहीतर हात भाजतो आणि तो माणूस नोझल काढणारच.

उघडा होज किती पाणी टाकतो ते बादलीने मोजा. २० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला ३० लिटर झाले. चहाला जाताना तो अर्धा तास चालू राहिला की ९०० लिटर गेले. फरशीवर सांडलेलं दही, पनीरचे तुकडे आधी वायपरने ओढून उचला. पाण्याने ढकलत नाल्यापर्यंत नेणं हा झाडू मारण्याचा सगळ्यात महाग प्रकार आहे, आणि तो माल शेवटी ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमध्ये) जातो.

४. सीआयपीत नेमकं पाणी कुठे वाया जातं?

वेळेच्या सेटिंगमध्ये. बहुतेक प्लांटमध्ये ‘पहिलं विसळणं ८ मिनिटं, मधलं ८, शेवटचं १०’ अशा वेळा प्लांट सुरू करताना कुणीतरी टाकलेल्या असतात आणि कुणी त्यांना हात लावलेला नसतो.

गणित असं. २ इंची एसएस (स्टेनलेस स्टील) पाइपमध्ये मीटरमागे सुमारे १.८ लिटर पाणी मावतं. जाऊन-येऊन १०० मीटर लाइन धरली तर १८० लिटर. धुण्यासाठी पाइपात सेकंदाला १.५ मीटर वेग लागतो, म्हणजे या पाइपाला तासाला साधारण ९,५०० ते १०,००० लिटर प्रवाह. ८ मिनिटांत सुमारे १,३०० लिटर पाणी जातं, म्हणजे लाइनीतलं पाणी सात वेळा बदललं. प्रत्यक्षात अडीच-तीन वेळा बदललं की पुरतं.

वेळ अंदाजाने कापू नका. परतीच्या पाइपावर सॅम्पल कॉक लावा आणि दर ३० सेकंदांनी काचेच्या ग्लासात नमुना घ्या. पहिल्या विसळण्यात पाणी कधी स्वच्छ होतं ते डोळ्यांना दिसतं. मधल्या आणि शेवटच्या विसळण्यासाठी पीएच पट्टी वापरा. स्वच्छ झाल्याच्या वेळेत अर्धा मिनिट मिळवा आणि ती वेळ सेट करा. हे प्रत्येक सर्किटसाठी वेगळं करावं लागतं. टँकर धुलाई आणि पाश्चरायझर यांना एकच वेळ लावणं हीच मूळ चूक असते.

दुसरी बचत : शेवटचं विसळण जवळजवळ स्वच्छ असतं. ते वेगळ्या टाकीत साठवून पुढच्या धुलाईच्या पहिल्या विसळण्याला वापरा. टाकी रोज रिकामी करून धुवा. रात्रभर साठवलेलं कोमट विसळण सकाळपर्यंत आंबतं.

आणि वेग कमी करून पाणी वाचवायला जाऊ नका. पंपाचा इम्पेलर झिजून वेग १ मीटरवर आला की कितीही वेळ फिरवलं तरी पाइपाच्या भिंतीवरचा थर सुटत नाही.

५. शेवटचं विसळणं कमी केलं तर लाइनीत कॉस्टिक (धुलाईचा कॉस्टिक सोडा) राहणार नाही का?

राहू शकतो. म्हणूनच घड्याळावर न जाता पाण्यावर जायचं. परतीच्या पाण्याचा पीएच आत जाणाऱ्या पाण्याएवढा झाला की विसळणं पूर्ण. ७ येण्याची वाट पाहू नका. आपल्याकडच्या अनेक बोअरचं पाणी मुळातच ८ च्या आसपास असतं, त्यामुळे तुलना नेहमी त्याच दिवशीच्या मूळ पाण्याशी करा. फिनॉल्फ्थेलीनचा थेंब टाकून गुलाबी रंग आला नाही म्हणजे स्वच्छ, ही समजूतही अर्धीच खरी. तो रंग साधारण ८.३ पीएचच्या वरच येतो, आणि ॲसिड राहिलं असेल तर काहीच दाखवत नाही.

कंडक्टिव्हिटी मीटर बसवला तर हेच काम आपोआप होतं. मात्र त्याचा प्रोब महिन्यातून एकदा काढून ॲसिडने पुसा. त्यावर दुधाचा दगड (क्षारांचा कडक थर) बसला की तो घाण पाण्यालाही स्वच्छ म्हणतो.

६. तोच कॉस्टिक किती वेळा वापरता येतो?

ताकद रोज तपासत असाल तर बरेच दिवस. १० मिलि द्रावण घ्या, फिनॉल्फ्थेलीन टाका आणि १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडने रंग जाईपर्यंत टायट्रेट करा (थेंबाथेंबाने घालून मोजा). लागलेले मिलि गुणिले ०.४ म्हणजे कॉस्टिकचं प्रमाण टक्क्यांत. ३ मिलि लागले तर १.२ टक्के. पाश्चरायझरला १ ते १.५ टक्के, ७० ते ७५ अंश, १० ते १५ मिनिटं पुरतात.

द्रावण फेकायची वेळ ताकदीवरून ठरत नाही, घाणीवरून ठरते. तळाशी गाळ, तपकिरी रंग आणि सतत फेस दिसला की पूर्ण बदला. त्याआधी दर दोन-तीन दिवसांनी टाकीच्या तळाचं फक्त ५० ते १०० लिटर सोडलं तर बाकीचं जास्त टिकतं. पहिलं विसळणं अपुरं असेल तर दूध थेट कॉस्टिकच्या टाकीत येतं आणि दोन दिवसांत सगळी टाकी खराब होते. पाण्यात वाचवलेलं रसायनात गेलं.

७. रोज ॲसिड फिरवणं गरजेचं आहे का? आणि थंड पाण्याने धुतलं तर चालेल?

पाश्चरायझरला रोज, कारण गरम प्लेटांवर दुधातले क्षार बसतात. दूध कधीच तापत नाही अशा सायलो (दूध साठवायच्या उंच टाक्या) आणि थंड लाइनींना आठवड्यातून एक-दोनदा पुरतं, पण पाणी जड असेल तर ही सूट नाही.

पहिलं विसळणं कोमट, ३५ ते ४५ अंशांचं हवं. थंड पाण्यात स्निग्धांश भिंतीला चिकटून राहतो, आणि ६० च्या वर प्रथिनं शिजून बसतात. म्हणजे इथे जास्त वाफ खर्च करून काम बिघडवता येतं, आणि अनेक जण ते करतात. हे कोमट पाणी फुकट कुठून मिळेल ते प्रश्न १५ मध्ये पाहा.

८. पाश्चरायझरचं रिजनरेशन म्हणजे काय आणि त्याचा बिलाशी काय संबंध?

बाहेर जाणारं गरम दूध आत येणाऱ्या थंड दुधाला प्लेटांमधून उष्णता देतं, ते रिजनरेशन. मोजायला तीन तापमानं लागतात. कच्चं दूध ४ अंश, पाश्चरायझेशन ७४ अंश आणि रिजनरेशनमधून बाहेर पडणारं कच्चं दूध ६४ अंश असेल, तर ७० पैकी ६० अंश फुकट मिळाले, म्हणजे ८६ टक्के. हेच ६९ अंशांपर्यंत गेलं तर ९३ टक्के.

हे ५ अंश किरकोळ वाटतात. तासाला १० हजार लिटरच्या प्लांटमध्ये दुधाचा एक अंश म्हणजे सुमारे ९,६०० किलोकॅलरी, म्हणजे ५ अंशांना ४८ हजार. तेवढ्यासाठी तासाला ९५ किलोच्या आसपास वाफ लागते. आणि गोष्ट इथे संपत नाही. जी उष्णता दुधाला परत मिळाली नाही, ती दुसऱ्या टोकाला चिल वॉटरला (दूध गार करणाऱ्या बर्फगार पाण्याला) काढावी लागते : आणखी जवळजवळ १६ टन रेफ्रिजरेशन (गार करण्याच्या क्षमतेचं माप), म्हणजे तासाला १५ ते १६ युनिट वीज. एकच उष्णता, पैसे दोनदा. वाफ आणि वीज यांची वेगवेगळी खाती पाहणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही.

रिजनरेशन घसरण्याची कारणं : प्लेटांवर क्षार, गॅस्केट बदलताना प्लेटांचा क्रम चुकणं, किंवा पुष्टकाळात दूध वाढलं म्हणून ठरलेल्यापेक्षा जास्त प्रवाह चालवणं. प्लेटा वाढवून ९० च्या वर जाता येतं, पण फ्रेममध्ये जागा आहे का आणि वाढलेला दाबउतार पंपाला झेपतो का ते आधी पाहा. रिजनरेशनमध्ये पाश्चराइज्ड बाजूचा दाब कच्च्या बाजूपेक्षा जास्तच राहिला पाहिजे. उलटं झालं आणि प्लेटेला सुईएवढं छिद्र असलं तर कच्चं दूध तयार दुधात मिसळतं. प्लेटा वाढवल्यावर हा दाबफरक आणि होल्डिंगचा वेळ (दूध पाश्चरायझेशनच्या तापमानाला राहतं तो वेळ), दोन्ही पुन्हा तपासून नोंदवा.

९. आम्ही सुरक्षेसाठी ७८ अंशांवर चालवतो. ७४ वर आणलं तर मोठी बचत होईल ना?

नाही. रिजनरेशन ८६ टक्के असेल तर त्या ४ अंशांतला फक्त १४ टक्के भाग, म्हणजे साधारण अर्धा अंश, तुमच्या खिशातून जातो. ७४ वर यायचं खरं कारण शिजलेला वास आणि प्लेटांवर लवकर बसणारा थर हे आहे. ७२ अंश आणि १५ सेकंद या किमान अटीच्या खाली मात्र कधीच नाही.

मोठा तोटा होतो तो फ्लो डायव्हर्शन व्हॉल्व्ह कमी तापलेलं दूध वारंवार मागे पाठवतो तेव्हा. तेच दूध दोनदा तापतं आणि पंप, चिलर, पॅकिंगची माणसं थांबून राहतात. वाफेचा दाब हलत असेल तर सेट पॉइंट वाढवू नका, प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह (वाफेचा दाब उतरवणारा) आणि स्टीम ट्रॅप (वाफ अडवून पाणी सोडणारा) तपासा. टँकरची वाट पाहताना पाश्चरायझर पाण्यावर फिरत असेल तर चिल वॉटरचा व्हॉल्व्ह बंद करा. एका बाजूने तापवायचं आणि दुसऱ्या बाजूने गार करायचं, हा खेळ तासन्‌तास चाललेला दिसतो.

१०. कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं गरम पाणी) परत आणण्यात खरंच फायदा आहे का?

पहिला मोठा खर्च करायचा तर इथेच करा. फीडच्या पाण्याचं तापमान ६ अंशांनी वाढलं की इंधन साधारण १ टक्का वाचतं. तासाला १ टन वाफेच्या बॉयलरला अर्धं कंडेन्सेट ९० अंशांनी परत मिळालं आणि उरलेलं पाणी ३० अंशांचं असेल, तर फीड ६० वर येतं, म्हणजे ५ टक्के इंधन. शिवाय १० तासांत ५,००० लिटर मऊ पाणी वाचतं आणि ब्लोडाउन (क्षार साचलेलं बॉयलरचं पाणी सोडून देणं) घटतं (प्रश्न ११).

काय बिघडतं : फीड ८५-९० च्या वर गेलं की पंपात वाफ धरते, खडखड आवाज येतो आणि इम्पेलर खाल्ला जातो. फीड टाकी पंपापेक्षा काही मीटर वर उचला, सक्शन पाइप मोठा आणि सरळ ठेवा.

अपवाद : दूध किंवा कॉस्टिक तापवणाऱ्या हीटरचं कंडेन्सेट थेट बॉयलरला जोडू नका. प्लेट फुटली तर दूध बॉयलरमध्ये जाऊन फेस होतो आणि वाफेबरोबर पाणी ओढलं जातं. त्या लाइनीवर कंडक्टिव्हिटी प्रोब आणि गटाराकडे वळवणारा व्हॉल्व्ह लावा. दूध गळण्याच्या सुरुवातीला कंडक्टिव्हिटी फारशी हलत नाही, म्हणून रोज एकदा नमुन्याचा गढूळपणा आणि वासही पाहा. क्रेट वॉशरमध्ये वाफ थेट पाण्यात सोडत असाल तर तिथून परत आणण्यासारखं काही नाही.

११. अटेंडंट दर तासाला ब्लोडाउन उघडतो. ते योग्य आहे का?

घड्याळाप्रमाणे ब्लोडाउन म्हणजे एकतर वाया किंवा अपुरं. बॉयलरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजा. पॅकेज बॉयलरला साधारण ३,५०० पीपीएमपर्यंत चालतो, तरी बनवणाऱ्याने दिलेली मर्यादा पाळा. फीडचा टीडीएस ३०० असेल तर ३०० भागिले (३,५०० वजा ३००), म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या जवळ ब्लोडाउन लागतं. अर्धं कंडेन्सेट आल्यावर फीडचा टीडीएस १५० वर येतो आणि ब्लोडाउन साडेचार टक्क्यांवर.

१२. आइस बँक (बर्फ साठवून चिल वॉटर गार करणारी टाकी) रात्रीच चालवायचा, कारण रात्रीची वीज स्वस्त. बरोबर ना?

वर्षानुवर्षं बरोबर होतं. पण केंद्राच्या २०२३ च्या दुरुस्त नियमांनी सौर तासांतली (दिवसा सौर वीज मिळते तेव्हाची) वीज स्वस्त आणि पीक (जास्त मागणीच्या) तासांतली महाग करायचं धोरण आणलं आहे. तुमच्या बिलावरचे वेळेचे झोन आणि दर पाहून मगच टायमर लावा. जुन्या सवयीचा टायमर संध्याकाळच्या महाग तासांत बर्फ बनवत असेल तर प्रत्येक युनिटवर दंड भरल्यासारखं आहे. रात्रीच्या बाजूने एक मुद्दा उरतो : तेव्हा हवा गार असते, कंडेन्सिंग तापमान उतरतं, आणि दर अंशाला कॉम्प्रेसरची २ ते ३ टक्के वीज वाचते. दरातला फरक यापेक्षा मोठा आहे का, ते आपल्या आकड्यांवर तपासा.

बर्फ जाड म्हणजे साठा जास्त, हेही मर्यादेपर्यंतच. बर्फ स्वतः उष्णता अडवतो, म्हणून तो जाड होत गेला की सक्शन दाब खाली जातो आणि त्याच बर्फाला जास्त वीज लागते. कॉइलवरचा बर्फ एकमेकांना चिकटला तर पाणी फिरायला जागाच राहत नाही.

अमोनियाचा हेड प्रेशर (कंडेन्सरकडचा दाब) वाढला तर आधी कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या द्रवाचं तापमान घ्या. ३५ अंशांना गेजवर दाब साधारण १२.५ बार असायला पाहिजे. तापमान ३५ आणि दाब १४.५ असेल तर कंडेन्सरमध्ये हवा अडकली आहे. पर्ज करा (ती हवा बाहेर सोडा), पण प्रशिक्षित माणसाकडून, पाण्यात सोडून आणि मास्क लावूनच.

१३. कॉम्प्रेस्ड एअरची गळती मोजायची कशी?

पॅकिंग बंद असताना कॉम्प्रेसर चालू ठेवा. दाब भरताना लागलेला वेळ आणि थांबलेला वेळ, दोन्ही मोजा. २ मिनिटं चालला आणि ६ मिनिटं थांबला तर २ भागिले ८, म्हणजे क्षमतेच्या २५ टक्के हवा नुसती गळते. साबणाच्या पाण्याने सांधे शोधा. पाउच मशीनला ६ बार पुरत असेल तर ७.५ वर चालवू नका : एक बार कमी केला की ६-७ टक्के वीज वाचते.

१४. बीएमसी (बल्क मिल्क कूलर, म्हणजे गावात जमा केलेलं दूध गार करणारी टाकी) केंद्रावर वीज कशी वाचेल?

दूध टाकीत जाण्याआधी विहिरीच्या पाण्यावर प्लेट प्रीकूलर लावा. ३५ अंशांचं दूध २६ वर आलं तर १,००० लिटरमागे सुमारे ४ युनिट वाचतात. दुधाच्या दुप्पट पाणी लागतं, म्हणून ते कॅन धुवायला किंवा जनावरांना वापरलं तरच हा व्यवहार परवडतो. पाणी गटारात जाणार असेल तर करू नका. याच्या आधी कंडेन्सरच्या जाळ्या ब्रशने साफ करा आणि युनिटमागे भिंत चिकटलेली नाही ना ते पाहा.

१५. सोलर हीटर घ्यावा की हीट पंप?

आधी कॉम्प्रेसरकडे पाहा. अमोनियाचा डिस्चार्ज गॅस १०० अंशांच्या आसपास बाहेर पडतो. तिथे डीसुपरहीटर (त्या गॅसची उष्णता पाण्याला देणारा) बसवला तर ५५-६० अंशांचं पाणी मिळतं, जे थंड पाणी मिसळून पहिल्या विसळण्याला, आणि तसंच बॉयलर फीडला पुरेसं आहे. दुहेरी भिंतीचाच घ्या, म्हणजे गळती झाली तर अमोनिया पाण्यात जात नाही. सोलर किंवा हीट पंप हे त्यानंतरचं. छतावर पॅनल आणि खाली उघडी स्टीम लाइन, हे चित्र फार दिसतं.

१६. पाणी कमी केलं आणि ईटीपीचे रिपोर्ट बिघडले. असं कसं?

अपेक्षितच आहे. बीओडीची (सांडपाण्यातली घाण कुजायला लागणाऱ्या ऑक्सिजनची) मर्यादा लिटरमागे १०० मिलिग्रॅम आहे. आधी जास्तीचं पाणी घाण पातळ करत होतं. पाणी निम्मं केलं, पण दुधाची गळती तेवढीच राहिली, तर येणाऱ्या सांडपाण्याची तीव्रता दुप्पट होते. निव्वळ दुधाचा बीओडी लिटरमागे १ लाख मिलिग्रॅमच्या घरात असतो, म्हणून उपाय दुधाच्या बाजूला आहे : लाइनीतलं उरलेलं दूध पहिल्या पाण्याबरोबर वेगळं काढा, टँकर पूर्ण निथळू द्या, फुटलेल्या पिशव्यांचं दूध गटारात सोडू नका. इक्वलायझेशन टाकीत (सगळं सांडपाणी एकत्र येऊन एकसारखं होतं ती टाकी) कॉस्टिक किंवा ॲसिड एकदम न येता बाकीच्या पाण्यात मिसळत यावं याकडे लक्ष द्या. पाणी कमी झालं की पीएचचे झटकेही मोठे बसतात.

१७. ईटीपीचं शुद्ध पाणी प्लांटमध्ये परत वापरता येईल का?

बाग, संडास आणि आवाराबाहेरची धुलाई, एवढंच, आणि तेही प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात लिहिलं असेल तसं. दुधाला किंवा दुधाला लागणाऱ्या पृष्ठभागाला जे पाणी स्पर्श करतं ते पिण्यायोग्यच हवं. क्रेटही त्यात आले, कारण पिशवी त्यातच बसते.

दूध भुकटी बनवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. १२ टक्के घन पदार्थांचं १,००० किलो दूध ४५ टक्क्यांपर्यंत आटवलं की ७३० किलोच्या आसपास पाणी इव्हॅपरेटरमधून निघतं. ते जवळजवळ क्षारमुक्त आणि गरम असतं. दूध त्यात आलेलं नाही याची सतत तपासणी असेल तर बॉयलर फीड, कूलिंग टॉवर आणि पहिल्या विसळण्याला ते उत्तम.

१८. उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं. तेव्हा वरच्या सेटिंगचं काय करायचं?

बहुतेक सगळ्या बदलतात. दर टँकरचा टीडीएस आणि कठीणपणा उतरवून घ्यायच्या आधी तपासा. फीडचा टीडीएस ३०० वरून ६०० झाला तर ब्लोडाउनचं गणित नव्याने करा, नाहीतर साडेनऊ टक्क्यांच्या जागी वीस टक्के लागणारं ब्लोडाउन कुणी करणारच नाही आणि ट्यूबवर थर बसेल. सॉफ्टनरची (पाणी मऊ करणाऱ्या यंत्राची) रिजनरेशनची, म्हणजे मिठाच्या पाण्याने ताजा करण्याची पाळी लिटरवर लावली असेल तर कठीणपणा दुप्पट झाल्यावर लिटर निम्मे करा. विसळणं पूर्ण झालं हे ज्या पीएच आणि कंडक्टिव्हिटीवरून ओळखायचं, तो मूळ आकडाही दर टँकरला बदलतो (प्रश्न ५). कालचा आकडा आज लावला तर कंट्रोलर एकतर पाणी सोडतच राहतो, किंवा कॉस्टिक शिल्लक असताना थांबतो.